बदलांची बारनिशी

२०२२ सालच्या जून महिन्याच्या आरंभीची गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल निर्यातदाराच्या दप्तरात माझे जाणेयेणे असे. तेथील संगणक, छपाईयंत्रे, तारा, पासवर्ड आणि तत्संबंधी समस्त तक्रारी यांचा बंदोबस्त माझ्याकडे होता. हिशेबखात्यातील भल्याथोरल्या यंत्रावर कागद ठेवावा, ‘स्कॅन’ची कळ दाबावी आणि तो कागद मुंबईच्या क्लिअरिंग एजंटाच्या मेलमध्ये जाऊन पडावा, असा तेथला चार-पाच वर्षांचा परिपाठ. त्या दिवशी कळ दाबदाबून बोट दुखले तरी कागद जाईना. यंत्राच्या चिंचोळ्या पडद्यावर चुकीचा एक आकडा तेवढा उमटे आणि विझे. “साहेब, परवापर्यंत चालत होतं की ओ,” ही कारकुनाची कैफियत अक्षरशः खरी होती. यंत्र बिघडले नव्हते, तार तुटली नव्हती, पासवर्डही कोणी बदलला नव्हता. केवळ नाव आणि पासवर्ड एवढ्या दोन खुणांवर बाहेरच्या यंत्रांना जीमेलच्या खात्यात प्रवेश देण्याची जी सवलत गूगलने वर्षानुवर्षे चालू ठेवली होती, ती ३० मे २०२२ पासून काढून घेतली होती, आणि आमचे यंत्र त्या सवलतीवरच जगत होते.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. खात्याला दुहेरी पडताळणी लावली, यंत्रापुरता सोळा अक्षरांचा स्वतंत्र ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढला, तो त्या चिंचोळ्या पडद्यावर एकेक अक्षर चाचपत भरला आणि कागद मुंबईस रवाना झाला. मात्र हे सारे करण्यासाठी ते मेलचे खाते उघडले तेव्हा जे दिसले ते आजतागायत माझ्या मनातून गेलेले नाही. गूगलची आगाऊ सूचना त्या खात्यात रीतसर येऊन पडलेली होती, आणि ती कोणीही वाचलेली नव्हती. कारण ते खाते केवळ यंत्रासाठी उघडलेले होते, आणि यंत्राला वाचता येत नाही.

सोलापुरासारख्या शहरात एखाद्या सहकारी बँकेत, साखर कारखान्यात, रुग्णालयात वा महाविद्यालयात संगणकखाते एकट्याने सांभाळणारे जे गृहस्थ आणि ज्या भगिनी आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नेमणुकीच्या कागदावर त्यांचा हुद्दा ‘सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असा झोकदार असतो. बाकी सर्वांच्या तोंडी ते ‘कॉम्प्युटरवाले’. पुण्या-बंगळुरातील मोठ्या कंपन्यांत ज्या कामाला दहा माणसांची तुकडी असते ते काम येथे एकाच माणसाच्या गळ्यात असते, आणि त्यातच प्रिंटरचे काडतूस बदलणे व मालकांच्या चिरंजीवांचा मोबाइल दुरुस्त करणे हीही कलमे अंतर्भूत असतात. अशा माणसास ‘रोज दोन तास नवे वाचा’ असा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच होय. त्याला वाचण्यापेक्षा नोंदण्याची सवय अधिक तारते, असा माझा अनुभव आहे.

जुन्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी नावाची एक वही असे, आणि काही कचेऱ्यांत ती अद्याप आहे. आलेल्या प्रत्येक कागदावर प्रथम क्रमांक व तारीख पडे, तो कोणाच्या मेजावर गेला याची नोंद होई आणि अखेर त्याचा निकाल काय लागला हे त्याच ओळीत लिहिले जाई. ज्या ओळींत निकालाचा रकाना कोरा राहिला असेल त्या महिनाअखेरीस वरिष्ठांच्या नजरेस पडत, आणि मग तगादा लागे. या वहीचे मर्म असे की तीत कागदाचा मजकूर नसतो, कागदाचे भवितव्य असते. सॉफ्टवेअरमधील बदलांची नेमकी अशीच एक बारनिशी प्रत्येक संगणकप्रमुखाने बाळगावी. ती एक्सेलमध्ये असो वा दोनशे पानी वहीत असो. बदल काय, कोणत्या तारखेपासून, आपल्याकडे तो कोणास लागू, कोण काय करणार, निकाल काय, एवढे रकाने पुरेत. ‘आपल्यास लागू नाही’ हाही एक निकालच आहे आणि तोही लिहावा, म्हणजे सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा छळत नाही.

परंतु ‘आपल्याकडे कोणास लागू’ हा रकाना भरायचा कसा? येथे बहुतेकांची गाडी अडते. यंत्रांची यादी बहुतेक दप्तरांत असते: संगणक किती, प्रोसेसर कोणता, हमी केव्हा संपते. कामांची यादी मात्र कोठेच नसते, आणि बदल धडकतो तो कामावर. माझ्या त्या स्कॅनयंत्राची नोंद यंत्रांच्या यादीत मेकसह, क्रमांकासह होती; ‘या यंत्रातून निर्यातीचे कागद अमुक जीमेल खात्यामार्फत मुंबईस जातात’ हे वाक्य कोठेच नव्हते. ते असते, तर गूगलची सूचना कोठूनही कानावर पडताच बोट त्या ओळीवर गेले असते.

यास्तव पहिले पंधरा दिवस नव्या बातम्यांमागे न धावता प्रत्येक मेजाशी अर्धा तास बसावे, आणि तेथील मनुष्य सकाळी आल्यापासून काय काय उघडतो, कोठून कोठे काय पाठवतो, कोणत्या कळीला हात लावताना मनातल्या मनात देवाचे नाव घेतो, हे नुसते पाहावे. विचारू नये, पाहावे. कारण विचारले असता मनुष्य नियमाप्रमाणे जे करायचे ते सांगतो, आणि प्रत्यक्षात तो निराळेच करीत असतो. अशाच एका बैठकीत माझ्या ध्यानात आले की डिस्पॅचमधील बाई ई-वे बिलाचा क्रमांक ट्रकचालकाला स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतात, आणि त्या रजेवर असल्या की ट्रक फाटकाशी खोळंबतो. हे कोणत्याही यादीत सापडले नसते. साखर कारखान्यातील वजनकाट्याचे सॉफ्टवेअर, बँकेतील चेक वठविण्याचे यंत्र, रुग्णालयातील तपासणी-अहवालांची छपाई, ई-निविदा भरण्यासाठी लागणारी डिजिटल सहीची किल्ली व ती ज्या एकाच संगणकावर चालते तो संगणक, या साऱ्यांची एकेक ओळ झाली पाहिजे. आणि त्या ओळीत ते काम कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या विंडोजवर, कोणाच्या खात्यावर अवलंबून आहे हे लिहिलेले पाहिजे.

‘कोणाच्या खात्यावर’ या शब्दांपाशी थोडे थांबणे अवश्य आहे. छोट्या संस्थांत मेलची, डोमेनची वा क्लाउडची व्यवस्था आरंभी एखाद्या विक्रेत्याने लावून दिलेली असते आणि त्या भल्या माणसाने सोयीसाठी मुख्य खाते आपल्याच मेलवर नोंदविलेले असते. परिणामी कंपनीच्या साऱ्या सूचना, मुदतवाढीचे तगादे, धोक्याचे इशारे त्याच्या पेटीत पडत राहतात. तो धंदा सोडून गेला, वा त्याचे-आपले बिलावरून बिनसले, की त्या सूचना कायमच्या लुप्त होतात. एका संस्थेचे डोमेन या कारणाने तीन दिवस बंद पडलेले मी पाहिले आहे. तीन दिवस साऱ्या ग्राहकांचे मेल परत जात होते आणि संचालक एकमेकांस विचारीत होते की आपले नाव आपल्या मालकीचे नाही म्हणजे काय. सबब पहिले काम हे की अशा प्रत्येक सेवेचे मुख्य खाते संस्थेच्या मालकीच्या, कोणा एका व्यक्तीच्या नावाच्या नव्हे अशा, मेलवर आणावे. त्या मेलची पेटी किमान दोघांनी उघडावी, आणि त्यांपैकी एकजण संगणकखात्याबाहेरचा असला तर उत्तम.

आता सूचना येतात कोठून? सामान्य समज असा की सॉफ्टवेअरातील बदल म्हणजे मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल यांची करणी. आमच्या दप्तरांच्या बाबतीत हे अर्धेच सत्य आहे. गेल्या आठ-दहा वर्षांत सोलापूरच्या हिशेबखात्यांना ज्या बदलांनी खरोखर घाम फोडला त्यांतील बहुतेक सरकारी फर्मानांतून आले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना असे हिशेबी सॉफ्टवेअर सक्तीचे झाले की ज्यात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. नोंद खोडून पुन्हा लिहिण्याची ज्यांना सवय होती त्यांच्या चर्येवरील भाव पाहण्यासारखे होते.

ई-इन्व्हॉइसचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ते ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले. १ जानेवारी २०२१ ला मर्यादा १०० कोटींवर आली, त्याच वर्षीच्या १ एप्रिलला ५० कोटींवर, १ एप्रिल २०२२ ला २० कोटींवर, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. सहा कोटींची उलाढाल असलेल्या आमच्या एखाद्या चादर-व्यापाऱ्यास ही पायरी पायरीने खाली उतरणारी गोष्ट जवळजवळ तीन वर्षे स्वच्छ दिसत होती. तरीही २०२३ च्या जुलैच्या अखेरीस टॅली दुरुस्त करून देणाऱ्यांच्या दारी रांग लागलीच. असे बदल बारनिशीत ‘लागू नाही’ म्हणून निकालात काढू नयेत. ‘आज लागू नाही, पुढची मर्यादा पाहणे’ असे लिहून पुढच्या तारखेच्या पानावर ओढावेत.

सगळेच बदल मात्र इतके सभ्य नसतात. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांचे टप्पे मुख्यतः ५ आणि १८ टक्क्यांवर आणले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू झाले. हाती दिवस मिळाले एकोणीस. सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हा त्यातला सोपा भाग. प्रत्येक वस्तूच्या खात्यात नवा दर त्याच्या अंमलाच्या तारखेसह घालणे, आणि आधी विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघेल याची खात्री करणे, हा खरा व्याप. ज्यांच्यापाशी कामांची यादी होती त्यांना हे मुद्दे पहिल्या दिवशी सुचले. सहकारी बँकांत काम करणाऱ्यांनी तर आपल्या बारनिशीत रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांना स्वतंत्र पानच द्यावे. नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट १९ ऑक्टोबर २०१८ च्या आणि पुढे ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने आली; २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपला पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या डोमेनवर नेण्याची ताकीद झाली. एका ओळीच्या या हुकुमात कर्मचाऱ्यांचे मेल, मोबाइल अ‍ॅप, सुरक्षा-प्रमाणपत्रे, पासबुकावरील छपाई आणि एसएमएसमधील दुवे एवढे सारे गुंतलेले होते. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांनी सायबर घटनेची इत्तला सहा तासांच्या आत देणे व लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे. ते आपल्या संस्थेस ठाऊक आहे काय, हे आजच विचारून पाहावे.

कंपन्यांकडून येणाऱ्या सूचनांचे म्हणाल तर त्यांचा ओघ इतका प्रचंड आहे की तो सारा पिणे अशक्य. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या व्यवस्थापन-पडद्यावर ‘मेसेज सेंटर’ नावाचा कप्पा असतो आणि त्याचा साप्ताहिक गोषवारा मेलने मागविता येतो. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘रॅपिड’ आणि ‘शेड्यूल्ड’ असे दोन मार्ग असतात. दुसरा निवडला तर नवे गुण आपल्याकडे थोडे उशिरा पोहोचतात आणि तेवढी उसंत मिळते. क्रोम ब्राउझरची मोठी आवृत्ती २०२१ पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली. यातील नव्याण्णव बातम्या आपल्या कामाच्या नसतात. शंभरावी ओळखण्यासाठी मी सूचना वाचताना तीनच क्रियापदांवर नजर ठेवतो: ‘बंद होत आहे’, ‘सक्तीचे होत आहे’ आणि ‘आपोआप चालू होत आहे’. नवे काही ‘उपलब्ध होत आहे’ असे असेल तर ते सवडीने पाहिले तरी चालते; कोणी न मागितलेले गुण पंधरा दिवस न मिळाल्याने आजवर कोणत्याही दप्तराचे काम अडलेले मला ठाऊक नाही.

वाचनाची वेळ मी बुधवारची सकाळ ठेवली आहे, आणि तीस कारण आहे. मायक्रोसॉफ्ट आपल्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. सबब सोलापुरात ती दुरुस्ती खऱ्या अर्थाने उगवते ती बुधवारी. आता पंचांग काढून पाहावे: दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो, आणि मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेस असते. अर्थात जगातील सर्वांत मोठी दुरुस्ती आणि हिशेबखात्यातील सर्वांत मोठी धांदल दर महिन्यास एकाच आठवड्यात एकमेकींच्या अंगावर येतात; ११ नोव्हेंबर २०२५ रोजी तर दोन्ही एकाच दिवशी आल्या. हे ज्याने एकदा हेरले त्याने हिशेबखात्याचे संगणक निराळ्या गटात घालावे, त्यांस ११ तारीख उलटल्यावर व २० तारखेच्या ३-बी विवरणाच्या आत मिळणारा मधला दिवस नेमून द्यावा, आणि विंडोजमध्ये दुरुस्ती तीस दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची जी सोय आहे तिचा थोडासाच उपयोग करावा. थोडासाच, असे मुद्दाम म्हणतो.

कारण लांबणीवर टाकण्याची किंमत काय असते हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एका भेगेवरची दुरुस्ती त्या वर्षी १४ मार्चला निघाली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच भेगेतून शिरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेसह दीडशे देशांतील यंत्रे त्याने ओलीस धरली. मधे एकोणसाठ दिवस होते. याउलट १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून उभे केले, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. पहिल्या प्रसंगी उशीर करणारे बुडाले, दुसऱ्या प्रसंगी तत्काळ घेणारे. शिवाय या दुसऱ्या प्रसंगी, सावधगिरी म्हणून एक आवृत्ती मागे राहण्याची तजवीज ज्यांनी केली होती तेही सुटले नाहीत, कारण ती फाइल त्या तजविजीच्या कक्षेबाहेरून येत असे.

या पेचावर सोलापूरकरास उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. लियॉनच्या जाकारने १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यातील छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेस पुढे संगणकाचे आद्य पूर्वज म्हणून मान मिळाला. आणि आमच्या चादरीवरील वेलबुट्टी त्याच जेकार्डच्या कार्डांनी उमटत आली. नवी नक्षी आली की कार्डे पाडून, ओवून प्रथम एका मागावर चढवावीत, नमुना उतरवून उजेडात धरावा, एखादा धागा चुकीच्या ठिकाणी उचलला जात असेल तर ते कार्ड बदलावे आणि मगच बाकीचे माग गुंतवावेत, ही विणकराची साधी रीत. आपल्या दप्तरातही असे दोन-तीन ‘नमुन्याचे माग’ ठरवून ठेवावेत. त्यांत आपला स्वतःचा संगणक असावाच, पण केवळ तोच नको, कारण त्यावर टॅली चालत नाही की बिलांचा प्रिंटर जोडलेला नसतो. हिशेबखात्यातील एखाद्या उत्साही, तक्रार स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्या माणसाचा संगणक त्यात घ्यावा. बुधवारी दुरुस्ती तेथे चढवावी, दोन दिवस खरे काम होऊ द्यावे, आणि आक्षेप न आल्यास पुढील आठवड्यात इतरत्र न्यावी. ज्या भेगेचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झाल्याची वार्ता असेल ती मात्र या शिष्टाचारास अपवाद. तेथे त्याच रात्री.

क्राउडस्ट्राइकच्या प्रसंगातील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती यंत्रे दुरुस्त करण्यासाठी प्रत्येकाजवळ जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागत होती, आणि ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप होते त्यांची ४८ आकडी किल्ली मागितली जात होती. कित्येकांच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवलेल्या होत्या तो सर्व्हरच निळा पडून बसला होता. किल्ल्यांची एक छापील प्रत बंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवावी. याला जुनाट पद्धत म्हणून हसणाऱ्यांस हसू द्यावे.

बदलांचा सर्वांत अवघड प्रकार म्हणजे मुदत संपणे, कारण तेथे तंत्रापेक्षा पैशाचा प्रश्न येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मुदत संपली, त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ यांचीही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे धडधाकट दिसणारे कित्येक संगणक एका रात्रीत वृद्ध ठरले. मालकांचे म्हणणे ठरलेले असते: “चालतंय की ओ, मग कशाला बदलायचं?” या प्रश्नावर सुरक्षेची व्याख्याने निरुपयोगी ठरतात, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी एक पानी तजवीज लिहावी. या संगणकावरून दिवसाला किती बिले निघतात, तो दोन दिवस बंद पडला तर किती ट्रक फाटकाशी उभे राहतील, आणि पर्याय काय: नवा संगणक, अथवा वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या विकत घेणे, ज्यांचा दर संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर होता आणि दरसाल दुप्पट होत २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालतो, अथवा ते यंत्र इंटरनेटपासून तोडून एका कोपऱ्यात केवळ त्याच्या कामापुरते ठेवणे. आकडे समोर आले की सोलापूरचा व्यापारी हिशेबात कोणास हार जात नाही.

तिसरा पर्याय पुष्कळांस कमीपणाचा वाटतो, पण तो तसा नाही. मागाच्या नक्षीचे जुने सॉफ्टवेअर, त्याची मागे खोचलेली डाँगल-किल्ली, आणि ज्या कंपनीने ते विकले तिचा आता पत्ता नाही, अशी यंत्रे आमच्या एमआयडीसीत जागोजागी आहेत. ती बदलायची तर मागच बदलावा लागेल. तेथे नेटवर्कची तार काढून टाकावी, फाइल नेण्या-आणण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह नेमून त्यावर लाल चिकटपट्टी लावावी, तो आधी दुसऱ्या संगणकावर तपासून मगच खोचण्याचा नियम करावा, आणि त्या साऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत एका बाजूस जपावी. बारनिशीत या यंत्राचा निकाल ‘विलग केले’ असा लिहावा आणि दर सहा महिन्यांनी ती ओळ पुन्हा पाहावी.

एवढे सारे करूनही ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांस सांगितले नाही तर श्रम फुकट जातात. आमच्या पूर्वभागातील कारखान्यांत मुकादम तेलुगू बोलतो, पॅकिंगमध्ये कन्नड आणि दखनी ऐकू येते, हिशेबखाते मराठी असते. अशा ठिकाणी कंपनीची इंग्रजी सूचना जशीच्या तशी पुढे ढकलणे म्हणजे न सांगण्यासारखेच. माझ्या एका सूचनेचा नमुना देतो: “येत्या सोमवारपासून स्कॅन केलेला कागद मेलमध्ये येणार नाही. तो आपल्या संगणकावरील ‘स्कॅन’ नावाच्या पिवळ्या फोल्डरमध्ये येईल. बाकी सर्व पूर्वीप्रमाणे. तोपर्यंत जुनी पद्धत चालू राहील. कागद न दिसल्यास लगेच फोन करावा.” यात सॉफ्टवेअरचे नाव नाही, आवृत्ती नाही, कारणही नाही. ‘बाकी सर्व पूर्वीप्रमाणे’ हे तीन शब्द मात्र मी कधीही गाळत नाही. मनुष्य बदलास भितो त्याहून अधिक, बदल कोठे थांबणार हे न कळल्याने भितो. पहिल्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या खोलीत चहा घेत बसतो. निम्म्या तक्रारी साहेब समोर आहेत एवढ्यानेच मिटतात.

आणि वेळ निवडताना कंपनीचे कॅलेंडर न पाहता गावाचे पाहावे. साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू असता वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला हात लावू नये. महाविद्यालयात परीक्षेच्या महिन्यात, आणि व्यापाऱ्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा निम्मे कामगार रजेवर असतात. तो दिवस दप्तर रिकामे म्हणून बदलास सोयीचा वाटतो, पण नवे काम शिकवायला समोर माणूसच नसतो.

जाता जाता एक नोंद आपल्या बारनिशीत आजच घालावी. पुष्कळ संस्थांत अद्याप ज्यावर टॅलीचा डेटा बसलेला आहे त्या विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ रोजी, मंगळवारी, संपते. तो सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. लगोलग संक्रांत आणि सिद्धेश्वरांची यात्रा, सातही नंदीध्वज रस्त्यावर आणि निम्मे दप्तर गड्ड्याच्या जत्रेत. त्या आठवड्यात नवा सर्व्हर बसवून देणारा मनुष्य या शहरात मिळणार नाही. ‘लागू’ असे लिहून ही ओळ २०२६ च्या गणेशोत्सवाच्या पानावर ओढावी, म्हणजे दरपत्रके मागविणे, मंजुरी घेणे आणि नमुन्याचा माग चालवून पाहणे हे सारे दिवाळीच्या आत उरकेल.